भिंतीवरच्या लाल बाटल्या

पहिल्यांदा ते नचूच्या मुठीत सापडलं तेव्हा मला वाटलं, चिखल आहे. मूठ उघडली, वास आला, आणि पोटातून जो राग वर आला तो अजूनही पुरता खाली बसलेला नाही.

सव्वा वर्षाचं मूल. हाताला लागेल ते तोंडात. मी त्याचा हात नळाखाली धरला, साबण लावला, पुन्हा लावला, नखांत जुना टूथब्रश फिरवला. तो रडून लाल झाला. तोंडात बोट घालून पाहिलं तर जिभेवर वाळूचे कण होते. नुसती वाळू होती की आणखी काही, हे मला कुणीही सांगू शकणार नव्हतं.

गाझियाबादच्या या सोसायटीत आम्ही तळमजला घेतला तो बागेसाठी. बाग म्हणजे काय, स्वयंपाकघराच्या मागे दोन खाटा मावतील एवढा मातीचा तुकडा, भोवती कमरेएवढी भिंत आणि मागच्या गल्लीत उघडणारं एक लोखंडी फाटक. पण वर उघडं आकाश, आणि थंडीत दुपारी ऊन. इकडची थंडी ज्यांनी काढलेली नाही त्यांना त्या उन्हाचं मोल कळायचं नाही. डिसेंबरभर मुलाला गुंडाळून घरात कोंडायचं, बाहेर हवेच्या नावाखाली धूर, आणि मग फेब्रुवारीत एक दिवस आभाळ निळं होतं. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बांधकाम चाललं होतं. माझ्या नवऱ्याने, पुष्करने, तिथून चार घमेली वाळू मागून आणली आणि कोपऱ्यात विटा लावून हौद केला. नचू त्यात तासभर एकटा बसायचा. ज्या बाईच्या कडेवरून मूल उतरत नाही तिला विचारा, तासभर म्हणजे काय असतं.

ती वाळू शेजारच्या मांजरीलाही आवडली.

शेजार म्हणजे त्यागी आंटी. भिंतीपलीकडची बाग त्यांची. घरात त्या, मुलगा प्रतीक आणि सून शिल्पी. शिल्पीला पाचवा महिना लागला होता. आंटी रोज सकाळी स्टीलच्या वाटीत दूध-पोळी कुस्करून भिंतीवर ठेवत आणि "रानी, रानी" अशा हाका मारत. मग ती यायची. तिरंगी अंग, एका कानाचा लचका गेलेला, चाल अशी की सोसायटी तिच्याच नावावर आहे. दूध तिकडे प्यायची आणि उरकून घ्यायला इकडे माझ्या मुलाच्या वाळूत उतरायची.

मी त्याच दिवशी भिंतीशी गेले. आंटी उन्हात मेथी निवडत बसल्या होत्या.

"आंटी, आपकी बिल्ली मेरे बेटे की रेत गंदी करती है."

"हमारी कहाँ है जी. आती-जाती रहती है. जीव है, दूध पी लेती है."

"रानी नाम तो आपने रखा है."

"नाम तो मैंने दूधवाले का भी रखा है," आंटी म्हणाल्या. पुदिन्याच्या वाफ्यात उभी असलेली शिल्पी फिसकन हसली.

म्हणजे दूध पिताना रानी, आणि घाण करताना कुणाचीच नाही. मी नीट बोलायचं ठरवलं होतं, पण ते हसणं मला झोंबलं. शिल्पी अनवाणी होती, मातीत हात घालून पुदिना खुडत होती. मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलेली बाई. मांजरीच्या विष्ठेत एक परजीवी असू शकतो आणि गर्भाला त्याचा धोका असतो, हे मी शिकलेलं आहे. ते ठाऊक असून गप्प बसायचं कसं?

"आंटी, मेरा तो चलो ठीक है. आप शिल्पी का सोचिए. इस बिल्ली की वजह से उसके बच्चे को कुछ भी हो सकता है."

आंटींचा हात मेथीत थांबला. "क्या हो सकता है?"

"कुछ भी. आँखें, दिमाग. कभी-कभी तो बच्चा रहता ही नहीं."

मी भल्यासाठी बोलले. मराठीत बोलले असते तर चार शब्द पुढेमागे लावून मऊ केलं असतं. हिंदी माझी बाजारातली आणि ऑफिसातली, तीत मऊ बोलायला मला अजून येत नाही. आंटी उठल्या, मेथीची परात उचलली, "शुभ-शुभ बोला करो" म्हणाल्या आणि शिल्पीला हाताला धरून आत घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी वाळूत पुन्हा तेच.

मग मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. फोटोसकट. लहान मुलं खेळतात तिथे मोकाट मांजरं सोडू नका, खायला घालायचं तर आपल्या घरात घाला, या मांजरीला इथून हलवा. उत्तरं आली. कुणी हात जोडले, कुणी कुत्र्यांचं जुनं भांडण उकरून काढलं, आणि सी ब्लॉकमधल्या एका बाईंनी लिहिलं, "बेजुबान है बेचारी, थोड़ा दिल बड़ा रखिए." बेजुबान. माझा मुलगाही बेजुबानच आहे. त्याला 'बाबा' आणि 'भू' एवढंच येतं. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर पार्किंगचा विषय सुरू झाला होता.

"जाऊ दे ना यार, रेवती," पुष्कर म्हणाला. "वाळूवर पत्रा टाकू."

"टाकला. तिने कोथिंबिरीच्या वाफ्यात केलं."

"मग वाफ्यावर पण काहीतरी टाकू."

"आणि नचूवर काय टाकायचं?"

तो लॅपटॉपमध्ये शिरला. पुष्कर वाईट नाही. त्याला फक्त सगळ्या गोष्टी सोमवारी बघायच्या असतात.

उपाय आईने सांगितला. पुण्याहून फोन आला तेव्हा मी रडकुंडीला आले होते.

"अगं, लाल पाण्याच्या बाटल्या ठेव की. आपल्या गल्लीत प्रत्येक गेटाशी आहेत. कुत्री फिरकत नाहीत."

"आई, त्याला काही शास्त्रीय आधार नाही."

"नसू दे. कुत्र्यांना कुठे ठाऊक आहे?"

"आणि ही मांजर आहे."

"मग जरा जास्त लाल कर."

मी हसले, आणि शनिवारी पुष्करला घरी बसवून कामाला लागले. बाटलीत घालायला रंग नव्हता. संक्रांतीला करोल बागेत मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले होते, तिथल्या कुंकवाच्या पुड्या तशाच पडून होत्या, त्या घातल्या. पाणी असं लाल झालं की आईनेही पाठ थोपटली असती. भिंतीवरच्या बाटल्या वाऱ्याने पडतील म्हणून बांधायला दोरा शोधला. नचूच्या बारशाला आणलेल्या काळ्या गोफाचं रीळ हाताशी होतं. शिवाय नेटवर वाचलं होतं की मांजरींना लिंबाचा वास सोसत नाही आणि तिखटाचाही नाही. म्हणून भिंतीच्या कडेने लिंबं चिरून ठेवली आणि मधूनमधून लाल तिखट भुरभुरलं. सगळं झाल्यावर कमरेवर हात ठेवून पाहिलं. दोन घरांच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत बंदोबस्त. मला फार समाधान वाटलं.

रविवारी सकाळी भिंतीवर वाटी आली नाही. हाक आली नाही. दुपारी आंटींच्या घरातून धुपाचा वास येत होता, दाराला लाल कापड बांधलेलं दिसलं, कुणी पंडितजी पिशवी घेऊन आत जाताना दिसले. मला वाटलं, शिल्पीचं डोहाळजेवणासारखं काही असेल. आम्हाला बोलावलं नाही, नको तर नको. नंतर एकदा गेटाशी आंटी आणि शिल्पी समोरून आल्या, तर आंटींनी मला पाहताच स्वतःची ओढणी शिल्पीच्या पोटावर टाकली आणि तिला घेऊन उलट्या फिरल्या. ग्रुपवर लिहिल्याचा राग, असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. आला ना राग? येऊ दे. मलाही आला होता.

मांजरीला मात्र लाल पाण्याचं काहीही वाटलं नाही. ती बाटल्यांना अंग घासत भिंतीवरून चालायची. फरक एवढाच की आता तिला तिकडे दूध मिळत नव्हतं आणि ती भुकेली होती.

त्या दिवशी मी तिथेच होते. हे आधी सांगते, कारण सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात. मी दोन पावलांवर दोरीवर कपडे टाकत होते. नचू उन्हात बसून तूप-पोळी खात होता. मांजर भिंतीवरून उतरली आणि थेट त्याच्या हातातल्या पोळीवर आली. त्याने पोळी सोडली नाही, दुसऱ्या हाताने तिचा कान धरला. मी पोहोचेपर्यंत त्याच्या मनगटापासून बोटांपर्यंत तीन रेघा उठल्या होत्या आणि रेघांतून रक्त यायला लागलं होतं.

तो लगेच रडला नाही. हाताकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी आंटींना कधी माफ करणार नाही, असं मी तेव्हा मनात म्हटलं. मांजरीला नाही, आंटींना.

साबणाने धुतलं, वाहत्या पाण्याखाली धरून ठेवलं, दवाखान्यात गेलो. रेबीजची लस मांडीत टोचली ते ठीक होतं, तिथे सगळ्याच मुलांना टोचतात. पण दुसरं औषध जखमेतच टोचायचं असतं. त्या इवल्याशा हातावर जागा ती केवढी. पुष्करने पाय धरले, मी डोकं धरलं. नचूचा आवाज बसला तरी तो ओरडत होता.

डॉक्टर तरुण होती, समजूतदार होती. "कोर्स पूरा करेंगे," ती म्हणाली. "और बिल्ली पर नजर रखिए. दस दिन ठीक-ठाक रही तो समझिए, उसमें कुछ था ही नहीं."

"और नहीं दिखी तो?"

"तो भी इंजेक्शन तो हम दे ही रहे हैं ना."

इंजेक्शन वेळेवर दिलं की धोका जवळजवळ उरत नाही. हेही मी शिकलेलं आहे. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की उपाय नसतो, हा प्रश्न मला परीक्षेत दोन मार्कांना आला होता, आणि त्या 'जवळजवळ'मध्ये मी आता मुलाला घेऊन बसले होते. मला ती मांजर दिसायला हवी होती. खाताना, पिताना, अंग चाटताना, माझ्या डोळ्यांसमोर.

घरी आले तर मांजर नाही.

मी भिंतीवर दूध ठेवलं. बाटल्यांच्या मधोमध. जन्मात पहिल्यांदा तिला नावाने हाक मारली. "रानी, रानी." दूध तसंच राहिलं, मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी नचूला पोटाशी बांधून गाड्यांखाली वाकून पाहिलं, जनरेटरच्या खोलीमागे पाहिलं, कचऱ्याच्या डब्यांपाशी पाहिलं. गेटावरच्या गार्डला विचारलं, तो हसला. "मैडम, आपने ही तो हटवाने को लिखा था."

मी तशीच आंटींच्या दारात गेले. दार साखळीएवढंच उघडलं.

"आंटी, रानी कहाँ है?"

"कौन रानी?"

मी नचूचा सुजलेला हात फटीसमोर धरला. आंटींनी पाहिलं. चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण लगेच बंद झालं.

"जिसने जो भेजा था, उसी पे लौट गया," त्या म्हणाल्या.

"क्या?"

"भोली मत बनो."

आतून शिल्पीचा आवाज आला, "मम्मी जी, बता दो ना, बच्चा है." आंटी मागे वळून म्हणाल्या, "तू अंदर जा, सामने मत आ." आणि मग साखळी काढून त्या बाहेर आल्या, दार मागे ओढून घेतलं, आणि बोटांवर मोजत एकेक म्हणायला लागल्या.

"लाल पानी. काला धागा. कटा निंबू. मिर्ची. शनिचर का दिन, ऊपर से अमावस. सब मेरी दीवार पे, मेरी बहू के सामने. और उससे पहले मेरे मुँह पे बोल के गई हो कि बच्चा रहेगा ही नहीं. हमें क्या समझ रखा है तुमने?"

अमावास्या होती हे मला ठाऊक नव्हतं. बाकी सगळं खरं होतं. एकेक वस्तू मीच ठेवली होती, प्रत्येकीला साधं कारण होतं, आणि तरी ओळीने ऐकताना माझ्याच अंगावर काटा आला. ही बाई इतके दिवस मला चेटकीण समजत होती. माझ्या डिग्रीसकट.

"आंटी, वो बिल्ली भगाने के लिए था. हमारे पुणे में हर गेट पे होता है, कुत्तों के लिए."

"कुत्तों के लिए कुमकुम?"

"रंग नहीं था घर में."

"तुम बंबई वालों का पता नहीं क्या-क्या होता है."

"मैं पुणे से हूँ."

"एक ही बात है."

मी तिथल्या तिथे आईला व्हिडिओ कॉल लावला. आई, गेटावरच्या बाटल्या दाखव, लगेच, कारण विचारू नकोस. आईने कारण विचारत विचारतच चपला घातल्या, बाहेर आली, फोन फिरवला. आमचं गेट, गेटाशी लाल बाटल्या. शेजारच्यांच्या निळ्या. समोरच्यांच्या पुन्हा लाल. एक कुत्रा त्यांच्याशेजारीच झोपला होता, पण ते असो. आई म्हणाली, "नमस्ते बहनजी, बहुत अच्छा उपाय है."

आंटींनी स्क्रीनकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "अच्छा," त्या म्हणाल्या. "तो ये माँ से सीखा है."

मी फोन बंद केला.

"बिल्ली कहाँ है, आंटी?"

"कल शाम जाके पकड़ में आई, प्रतीक छोड़ आया. पंडित जी ने कहा था, जिस जीव ने वो पानी छुआ है उसे घर से दूर करो."

"कहाँ?"

"नहीं बताऊँगी. तुम मार दोगी उसे."

"मुझे वो जिंदा चाहिए."

"अब चाहिए. पिछले हफ्ते तक तो लिख रही थीं, हटाओ, हटाओ."

तेव्हा मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, निम्मं मराठीत होतं. समोरच्या ब्लॉकच्या बाल्कनीत दोन माणसं येऊन उभी राहिली. नचू घाबरून माझ्या गळ्याला चिकटला. आंटी ऐकत उभ्या राहिल्या, आणि मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा अगदी शांतपणे म्हणाल्या, "ठीक है. टोना-टोटका नहीं है ना? तो लाँघ के दिखाओ. मुन्ने को लेकर."

आम्ही मागच्या गल्लीने माझ्या बागेत आलो. आंटी फाटकाबाहेरच थांबल्या, एक पाऊल आत टाकलं नाही. मी भिंतीवरची एक बाटली ओढून काढली, काळ्या दोऱ्यासकट, आणि फाटकाच्या आतल्या फरशीवर ओतली. कुंकवाचं पाणी पसरलं. त्यात वाळलेली दोन लिंबं ठेवली. घ्या, पुरे का? नचूला कडेवर घट्ट घेतलं, चपला काढल्या, आणि पाय उचलायला गेले.

उचललाच गेला नाही.

मी खाली बघत होते. कुंकू होतं. हातातलं मूल माझं होतं आणि त्याचा हात सुजलेला होता. डोक्यात स्वच्छ कळत होतं की हे पाणी आहे, मीच नळाचं भरलेलं. आणि पाय जमिनीला चिकटून. मला स्वतःच्या पायाचा इतका संताप आला की मी डोळे मिटले आणि ओलांडलं. मग वळून पुन्हा ओलांडलं, कुणाला एकदाचं कमी वाटायला नको म्हणून.

डोळे उघडले तर आंटी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"आँखें क्यों बंद कीं?"

"आपने इतना बोला तो डर लगा."

"मुझे भी लगा था," आंटी म्हणाल्या. "हमारा तो पहले एक बार बच्चा गिर चुका है. शिल्पी का."

हे ऐकून माझा राग उतरायला हवा होता. उतरला नाही. मला आधी कुणी का सांगितलं नाही, याचाच राग आला. मी म्हणाले, "फोन कीजिए."

आंटींनी फोन केला. मांजर पानिपतला होती. आंटींच्या भावाचं तिथे चादरींचं गोदाम आहे, उंदीर फार, म्हणून प्रतीकने खोक्यात घालून तिला तिथे पोहोचवलं होतं. भावाने व्हिडिओ पाठवला. चादरींच्या गठ्ठ्यावर एक तिरंगी मांजर बसली होती. कान दिसत नव्हता.

"हीच आहे ना?" पुष्कर म्हणाला.

"मला काय माहीत? व्हिडिओत कुठलीही दाखवतील. मला इथे हवी."

"रेवती, मांजरीसाठी पानिपत? मराठी माणूस तिकडे गेला की काय होतं, ठाऊक आहे ना?"

"जा."

तो आणि प्रतीक एकाच गाडीतून गेले. इतकी वर्षं शेजारी राहून दोघं त्या दिवशी पहिल्यांदा धड बोलले असतील. संध्याकाळी डबल बेडच्या चादरींच्या खोक्यातून ती आली, कानाच्या लचक्यासकट. प्रतीकच्या दोन्ही हातांवर ओरखडे होते, त्यालाही दवाखान्यात पाठवलं. पिंजरा मिळाला तो सी ब्लॉकच्या त्या 'बेजुबान'वाल्या बाईंकडून. "देखा, दिल बड़ा हो गया ना," त्या म्हणाल्या. मी पिंजरा घेतला आणि निघाले.

प्रश्न आला, ठेवायची कुठे. मी म्हटलं, आंटींकडे, रानी त्यांची.

"हमारे यहाँ कैसे," आंटी म्हणाल्या. "घर में पेट वाली बहू है. तुम्हीं ने तो बताया था, इसकी गंदगी से बच्चे को खतरा है."



तर ती माझ्या बागेत राहिली. जिला हाकलायला मी हे सगळं केलं तिला मी मास्क आणि हातमोजे घालून सकाळ-संध्याकाळ दूध, मासळीचे तुकडे आणि पाणी देत होते, तिची घाण कागदात गुंडाळून टाकत होते. नचू काचेच्या दारामागे. मी दाराच्या अलीकडे स्टूल टाकून तिच्याकडे बघत बसायचे. पाणी प्यायली? लाळ गळते का? मागचे पाय नीट टाकते? ती माझ्याकडे बघायची, मग अंग चाटायला लागायची. इतक्या तिरस्काराने मी कुणाच्या जिवाला जपलेलं नाही.

सकाळी भिंतीवरून आंटींचं डोकं दिसायचं. "खाया?"

"खाया."

एवढंच बोलणं. बाटल्या मी काढल्या होत्या. फाटकाशी फरशीवर लालसर डाग राहिला, तो घासूनही गेला नाही. भांडी घासायला येणारी बाई त्याला वळसा घालून यायची. सोसायटीत बातमी पोहोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला होता.

डॉक्टरने सांगितलेल्या मुदतीच्या शेवटच्या सकाळी ती खाईना.

मासळी तशीच. दूध तसंच. पाण्याकडे तोंडही नाही. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठ करून बसली होती. मी काठीने पिंजरा वाजवला, तिने कान हलवला फक्त. पाणी नको म्हणते. पाण्याला भिते का ही? मी वाटी बदलली, दूध कोमट करून आणलं, जमिनीवर गुडघे टेकून बसले. "खा ना. खा, भवाने. रोज गिळतेस, आजच काय झालं तुला?" ती हलली नाही. मागे काचेवर नचू थापा मारत होता, त्याच हाताने.

"खाया?" भिंतीवरून आंटी.

मी मानेनेच नाही म्हटलं.

आंटींचं डोकं नाहीसं झालं. जरा वेळाने फाटक करकरलं. आंटी स्टीलची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी खाली त्या डागाकडे पाहिलं. ओढणी सावरली, ओठ हलले, काहीतरी पुटपुटल्या, आणि डागावर पाय ठेवून आत आल्या. पिंजऱ्याशी माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या, गुडघे कुरकुरले.

"रानी. ए रानी. इतने दिन से मछली खिला रही है ये, ऊब गई क्या? ले, रोटी ले."

मांजरीने मान वळवली. उठली. अंग ताणलं, अगदी शेपटीपर्यंत, आणि दूध-पोळी खायला लागली. चपचप खात होती. वाटी संपल्यावर शेजारचं पाणीही प्यायली. मी एकेक घोट पाहिला.

"हमारे हाथ का ही खाती है," आंटी म्हणाल्या. आवाजात जो तोरा होता तो मी त्या क्षणी ऐकून घेतला.

मी डॉक्टरला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नीट पाहिली, आणि मग पिंजऱ्याची कडी काढली. आंटी भिंतीपलीकडे उभ्या होत्या, त्यांच्या मागे शिल्पी, पोटावर हात ठेवून. मांजर बाहेर आली. ऊन पाहिलं. भिंतीकडे गेली नाही, फाटकाकडे गेली नाही. डौलात चालत कोपऱ्यात गेली, वाळूच्या हौदात उतरली आणि उकरायला लागली.

"आंटी, अपनी रानी को ले जाइए. अभी."

"हमारी कहाँ है जी," आंटी म्हणाल्या.

मी पत्रा ओढला आणि वाळूवर असा आदळला की मांजर उडी मारून भिंतीवर गेली. "तो मेरी भी नहीं है. और कल से दूध दीवार पे नहीं, अपने आँगन में रखिएगा."

"रख दूँगी," आंटी म्हणाल्या. "पीकर किधर जाएगी, वो तुम देखना."